वांग्याला दिवसाला एक बाटली

१९८३ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, रविवारी सकाळी साडेसहा वाजता, लाखनीत केशवरावांच्या घरामागच्या सांदवाडीत पुढील झाडं उभी होती. वांगी नऊ, मिरच्या बारा, भेदरे, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले टोमॅटो, सहा, दोडक्याचे वेल दोन, कारल्याचा एक, लाल भोपळ्याचा एक, वालाचे चार, पपया तीन. शिवाय लिंबू, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा आणि तोंडली प्रत्येकी एक. एकूण त्रेचाळीस. सांदवाडीची लांबी अठ्ठावीस फूट, रुंदी एकोणीस. विहीर शेजारच्या भैय्यालालसोबत सामाईक, पाणी एकवीस हात खाली.

केशवरावांनी हे सगळं वहीत उतरवलं आणि खाली पट्टीनं रेघ मारली. बाजार चौकातल्या डॉक्टरांकडे त्यांनी एकतीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. निवृत्त होऊन पाच महिने झाले होते, पण हातातला चमचा सरळ धरायची सवय काही जात नव्हती. सुपारीसुद्धा ते तोंडात टाकण्याआधी तळहातावर जोखून बघत.

"हे बोटानं मोजलं तुमी?" मागून त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईनं, विचारलं.

"मंग कशानं मोजू?"

"दोडक्याकडं बोट केलं?"

केलं होतं. कोवळ्या दोडक्याकडे, भोपळ्याकडे सरळ बोट दाखवलं की फळ सडून गळतं, म्हणून बोट मुडपून दाखवायचं असतं, हे पार्वताबाईच्या आईनं तिला सांगितलं होतं. केशवरावांचा त्यावर विश्वास नव्हता. पण सांदवाडी पार्वताबाईची होती. त्यांनी बोट मुडपलं आणि पहिल्या वांग्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्रेचाळीसच भरले.

दुसऱ्या दिवशी एक दोडका गळला. त्याच वेलावर त्याच वयाचा, बोट न दाखवलेला दुसरा दोडका तुलनेसाठी नव्हता, म्हणून केशवरावांनी त्यावरून काही निष्कर्ष काढला नाही. पार्वताबाईनं काढला.

ही सगळी मोजणी चालली होती दिघोरीच्या लग्नासाठी. तिथं पार्वताबाईची थोरली बहीण रंभाबाई राहायची. तिच्या मुलीचं, निर्मलाचं, लग्न अठरा तारखेला होतं आणि रंभाबाईनं निरोप धाडला होता, "दर खेपेले जेवतेस, हात धुतेस न् एसटी धरतेस. यंदा आठ दिवस राहाचं असन तं ये. नाही तं आहेर पोस्टानं पाठव."

पार्वताबाईला जायचं होतं. किती जायचं होतं ते ती बोलत नव्हती, पण तिनं दोन लुगडी धुऊन, घडी करून, पेटीत वर काढून ठेवली होती आणि दिवसातून एकदा पेटी उघडून ती बघत होती. अडचण पाण्याची होती. मे महिन्यात लाखनीतलं झाड दोन दिवस तहानलेलं राहिलं की तिसऱ्या दिवशी मान टाकतं.

कोणी म्हणेल, शेजाऱ्याला सांगायचं. चार वर्षांपूर्वी तसं सांगून झालं होतं. दोघं नागपूरला चार दिवस गेली तेव्हा भैय्यालालनं मोठ्या मनानं जबाबदारी घेतली. भैय्यालाल तीन पिढ्यांचा धानवाला माणूस. झाडाला पाणी देणं म्हणजे त्याच्या लेखी एकच गोष्ट होती. त्यानं मिरच्यांच्या वाफ्याभोवती वीतभर उंच बांध घातला आणि पोटरीइतकं पाणी भरून ठेवलं. रोज संध्याकाळी येऊन तो बांध कुठं फुटला तर नाही ना ते बघायचा. चौथ्या दिवशी पार्वताबाई परतली तेव्हा मिरच्या काळ्या पडून पाण्यावर आडव्या झाल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक बेडूक बसला होता. तेव्हापासून पार्वताबाई कुठंही मुक्कामी गेली नव्हती. भैय्यालालला मात्र आजही वाटत होतं की बियाणं खराब होतं.

उपाय केशवरावांना एका कागदावर सापडला. जानेवारीत भंडाऱ्याच्या कृषी प्रदर्शनातून ते एक पत्रक घेऊन आले होते. 'ठिबक सिंचन: थेंबाथेंबाने मुळाशी पाणी.' पत्रकावर एक टाकी, एक लांब नळी आणि तिच्यातून निघालेल्या बारीक नळ्या काढल्या होत्या. केशवरावांनी ते चित्र बराच वेळ न्याहाळलं. नळीवरची चाकी फिरवून थेंब कमीजास्त करायचे, ही गोष्ट ते एकतीस वर्षं करत आले होते. फक्त नळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असायचा.

"आठ दिवस तुझ्या झाडाईले मी इथं नसताना पाणी पाजून दाखवतो," त्यांनी सांगितलं.

पार्वताबाईनं विचार केला. "एकही झाड वाळलं, तं पुन्हा मले कुठं चाल म्हणाचं नाही. मेल्या मयतीलेही नाही."

"कबूल."

"आन झाडं चव्वेचाळीस हायेत."

"त्रेचाळीस. मी दोनदा मोजले."

"धोपा?"

न्हाणीच्या दगडाला लागून अळूचा, म्हणजे तिकडच्या भाषेत धोप्याचा, एक मोठा गड्डा होता. केशवरावांनी तो बघितलाच नव्हता, कारण त्याला पाणी घालताना त्यांनी कधी कोणाला बघितलं नव्हतं.

"धोप्याले तं तूही पाणी देत नाही."

"आपण आंघोळ करतो ना," पार्वताबाई म्हणाली. "आपण दिघोरीले, तं आंघोळही दिघोरीले."

केशवरावांनी त्रेचाळीस खोडून चव्वेचाळीस लिहिलं आणि कानाची पाळी चोळली. हे त्यांना सुचायला हवं होतं.

पुढचे तीन दिवस ते वही घेऊन बायकोच्या मागं मागं फिरले. पार्वताबाई पितळी गडव्यानं पाणी घालायची. सलाईनच्या काचेच्या रिकाम्या बाटलीत पाचशे चाळीस मिलिलिटर मावतं. गडव्यात अशा दोन बाटल्या भरायला चाळीस मिलिलिटर कमी पडत होते. वांग्याला एक गडवा, मिरचीला अर्धा, पपईला दीड. हे तिन्ही दिवस जवळपास सारखं आलं. तोंडलीचं मात्र गणित बसेना. पहिल्या दिवशी दोन गडवे, दुसऱ्या दिवशी तीन, आणि तिसऱ्या दिवशी, त्या दिवशी आठवडी बाजार होता, एकदम सहा.

"तोंडलीले सहा गडवे काहून?"

"किती दिले म्या?"

"सहा."

"असतील बाप्पा," पार्वताबाई म्हणाली.

केशवराव तोंडलीपाशी जाऊन उभे राहिले. तोंडली कुंपणाच्या भिंतीला लागून होती. भिंतीपलीकडे भैय्यालालची बायको धुरपता भांडी घासायची. बाजारात कोण कोणाशी बोललं, कोणी किती भावाला काय घेतलं आणि कोणाच्या सुनेनं काय म्हटलं, हे सगळं त्या भिंतीवरून अलीकडे यायचं, आणि ते येत असताना पार्वताबाईचा हात आपसूक कलता राहायचा. केशवरावांनी वहीत नोंद केली: 'तोंडली. पाणी बोलण्याच्या प्रमाणात.'

आता मात्रा ठरवायची होती. गडव्यातलं बरंचसं पाणी वाफ्यात इकडंतिकडं जातं, मुळाशी थोडंच पोचतं, हे पत्रकात लिहिलं होतं. किती पोचतं ते लिहिलं नव्हतं. डॉक्टरांकडे अशक्तपणाचा रोगी आला आणि नेमकं काय झालंय ते कळलं नाही, की डॉक्टर म्हणायचे, "केशव, एक बाटली लाव." बहुतेक जण त्यावर उठून बसायचे. केशवरावांनी तोच आधार धरला. झाडामागे दिवसाला एक बाटली. तोंडलीलाही एकच.

चव्वेचाळीस झाडं, पाचशे चाळीस मिलिलिटर, आठ दिवस: एकशे नव्वद लिटर आणि ऐंशी मिलिलिटर. वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, हे त्यांनी तीनदा मोजून पाहिलं. म्हणजे एका झाडाला दिवसाला दहा हजार आठशे थेंब, मिनिटाला साडेसात. अर्धा थेंब पडत नाही, म्हणून दोन मिनिटांत पंधरा. सगळे मिळून अडतीस लाख एक हजार सहाशे थेंब.

हा शेवटचा आकडा त्यांनी भैय्यालालला सांगितला, कारण कोणाला तरी सांगायला हवा होता.

"इतके मोजन कोन?" भैय्यालालनं विचारलं.

"मोजाचे नाहीत. पडतील आपोआप."

"केशवभाऊ, आमच्या बांधीत पाणी पोटरीले लागलं तवा कुठं धान म्हणते, हा, आता बरं वाटलं. तुमी झाडाले पाणी देऊन रायले का डोळ्यात औषध घालून रायले?"

"तुझ्या पोटरीपायी बारा मिरच्या गेल्या."

"बियाणं खराब होतं ते," भैय्यालाल म्हणाला.

सामानाची यादी सलाईनच्या सेटपासून सुरू झाली. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या माळ्यावर वापरून धुऊन ठेवलेल्या सेटचं एक लाकडी खोकं होतं. डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. खोक्यात पन्नास निघाले. त्यातले सहा गळके होते. उरले चव्वेचाळीस. केशवरावांना इतका आनंद झाला की त्यांनी घरी येऊन तेच सेट पुन्हा मोजले, निव्वळ मजेखातर.

मोठ्या नळीसाठी ते हायवेवर जागेश्वरच्या गॅरेजमध्ये गेले. जागेश्वर एका ट्रकखाली आडवा झाला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते.

"सायकलच्या जुन्या ट्यूबा पाहिजेत, चौदा."

"चौदा सायकली कोनाच्या?" पाय म्हणाले.

"सायकली नाहीत. वांग्याले पाहिजेत. ट्यूब कापून सरळ केली की साडेसहा फूट भरते. माले पाहिजे शहाऐंशी फूट. जोडाले तीन तीन इंच गेले तरी चौदात बसते."

एका पायाचा अंगठा कोपऱ्याकडं वळला. "कोपऱ्यात हायेत. घेऊन जा. आन्‌खी काय?"

"एक ड्रम."

"तोही वांग्याले?"

"सगळ्याईले मिळून एक."

पायांनी ड्रमही दाखवला. ड्रम तेलाचा होता. केशवरावांनी तो राख आणि सोडा घालून पाच वेळा धुतला, सहाव्यांदा आत डोकं घालून वास घेतला, आणि मग सातव्यांदा धुतला. आतून फूटपट्टी लावून मोजलं: एका इंचाला साडेसहा लिटर. बत्तीस इंच भरला तर दोनशे आठ लिटर. आठ दिवसांत सव्वाएकोणतीस इंच जातील, पावणेतीन उरतील. एका कामटीवर, म्हणजे बांबूच्या चपट्या काडीवर, त्यांनी इंचाइंचाच्या खुणा कोरल्या.

बसवायला चार दिवस लागले. चार फूट उंच विटांचा ओटा, त्यावर ड्रम. कमरेइतक्या उंचीवर आडवे बांबू, बांबूंवर ट्यूबांची रांग. सेटचं जे टोक बाटलीच्या बुचात खुपसतात ते ट्यूबेत खुपसलं की रबर त्याला घट्ट धरायचं. तिथून सेट खाली लोंबायचा, मधल्या फुगीर नळीत थेंब दिसायचा, आणि खालचं टोक झाडाच्या मुळाशी. नऊ तारखेपासून अकरापर्यंत केशवराव हातात घड्याळ घेऊन एकेका झाडापुढं दोन दोन मिनिटं वाकून उभे राहिले आणि चाकी फिरवत थेंब जुळवत गेले. शेवटी नकळत त्यांनी एका वांग्याच्या फांदीला अंगठ्यानं आणि दोन बोटांनी धरलं, नाडी बघतात तसं. मग आजूबाजूला पाहून सोडून दिलं.

ही गोष्ट धुरपतानं भिंतीवरून पाहिली.

"बाई," तिनं पार्वताबाईला विचारलं, "भेदऱ्याईले सलाईन लागलं?"

"हो."

"सगळ्याईलेच?"

"धोप्यालेही लावलं."

"कवापासून?"

"परवापासून. आमी आठ दिवस जाऊन रायलो ना दिघोरीले, म्हणून."

"हो बाप्पा," धुरपता हळू आवाजात म्हणाली. "तुमी जाऊन रायले म्हटल्यावर घेतलंच असन त्याईनं मनाले."

पार्वताबाईला घाईत उलगडून सांगायला सुचलं नाही. ती लुगडी भरत होती.

चौदा तारखेला सकाळी कामटी बत्तीस इंचांवर ओली होत होती. केशवरावांनी ड्रमवर झाकण ठेवलं, झाकणावर दगड ठेवला आणि भैय्यालालला बोलावून घेतलं.

"नीट आयक. झाडाले पाणी टाकाचं नाही. एक थेंब नाही. चाकीले हात लावाचा नाही, कोनाले लावू द्याचा नाही. फक्त पाहाचं."

"झाडाले पाणी नाही," भैय्यालालनं बोटांवर मोजत म्हटलं. "चाकीले हात नाही. कोनाले लावू द्याचा नाही. फक्त पाहाचं."

"बरोबर."

"मंग माझं काम काय हाय?"

"तेच."

दिघोरीत पहिले तीन दिवस पार्वताबाई बसली म्हणून नाही. बहिणीबहिणींनी हळद दळली, मांडवाखाली शेजारणी जमवल्या, मेलेल्या आणि जिवंत अशा सगळ्या नातेवाइकांची हजेरी घेतली. रंभाबाई इतकी हसायची की तिला पदर तोंडात कोंबावा लागायचा. बायकोला असं हसताना केशवरावांनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना बरं वाटत होतं. तरी दर दोन मिनिटांनी त्यांच्या मनात पंधरा थेंब पडत होते.

चौथ्या दिवशी, लग्नाच्या आदल्या दिवशी, लाखनीहून टेलर धनीराम नवरीच्या चोळ्या घेऊन आला. केशवरावांना पाहून त्याचा चेहरा पडला. त्यानं जवळ येऊन "जयभीम, दादा" म्हटलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"कोन लय बिमार हाय?" त्यानं विचारलं.

"कुठं?"

"तुमच्या घरी. फाटकापाशी लय गर्दी हाय, दादा. भैय्यालाल दोघा दोघालेच आत सोडून रायला. म्या माणूस नाही पाह्यला, पण सलाईन लोंबताना दिसले. लय सलाईन. भैय्यालाल म्हणे, चव्वेचाळीस."

केशवरावांच्या मनात हिशेब सुरू झाला. गर्दी म्हणजे पाय. पाय म्हणजे ट्यूबा तुडवल्या जाणं, सेट उपटले जाणं. "हे पार्वताबाईले सांगू नको," ते म्हणाले.

धनीरामनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू ते घरात मयत लपवून लग्नाला आले होते. त्यानं पार्वताबाईला सांगितलं नाही. त्यानं मांडवातल्या बाकीच्या सगळ्यांना सांगितलं.

तासाभरात एकेक बाई पार्वताबाईजवळ येऊन बसू लागली. कोणी पाठीवर हात फिरवला. कोणी म्हणालं, "होईन बरं, धीर धर." एका म्हातारीनं विचारलं, "चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस एकाच घरातले?" तेव्हा पार्वताबाई उठली आणि केशवरावांपुढे येऊन उभी राहिली.

"माझ्या सांदवाडीत काय होऊन रायलं?"

"गर्दी हाय म्हणते."

"तुमाले कवापासून माहीत?"

"सकाळपासून."

ती आत गेली आणि पेटी भरायला लागली. रंभाबाईनं भरलेलं लुगडं बाहेर काढलं. पार्वताबाईनं परत आत ठेवलं. असं तीन वेळा झालं. शेवटी रंभाबाई पेटीच्या झाकणावर बसली.

"जा तू," ती म्हणाली. "उद्या पोरीचं लग्न हाय न् तू वांग्याले जा. माले काय, सवय हाय."

पार्वताबाईचा चेहरा पाहून केशवरावांना कळलं की ती आज गेली तर पुन्हा कधी निघणार नाही, आणि एसटी सुटायला पस्तीस मिनिटं आहेत.

खरं सांगायचं तर जायची घाई त्यांनाच जास्त झाली होती. पंख असते तर ते उडून जाऊन ड्रममध्ये कामटी घालून आले असते. तरी ते पेटीसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी खिशातून वही काढली.

"आयक. लोकाईनं ट्यूब फोडली असन, तं ड्रम त्याच दिवशी रिकामा झाला. चार दिवसांच्या उन्हानं झाडं केव्हाच गेली. आज जाऊन फायदा नाही."

"मंग?"

"थेंब बंद पडले असतील, तरी तसंच. फायदा नाही. आन काही झालं नसन, तं थेंब पडून रायले. तरीही जाऊन फायदा नाही."

पार्वताबाईनं हे मनात उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे कोनत्याच हिशेबानं आज जाऊन फायदा नाही?"

"कोनत्याच नाही."

"आन उद्या?"

"उद्याही हेच गणित."

पार्वताबाई खाली बसली. "चार वर्षं या झाडाईनं मले घरी ठेवलं," ती म्हणाली. "बाहेर ठेवाच्या कामी तुमचं गणित आज पहिल्यांदा आलं."

"उठू का मी पेटीवरून?" रंभाबाईनं विचारलं. "कडी रुतून रायली."

लग्न झालं. पार्वताबाई त्यात पुढं पुढं होती. केशवरावांनी वाढप्याचं काम मागून घेतलं आणि दोनशे बारा पानांवर भात सारख्या मापानं वाढला.

बावीस तारखेला, आठ दिवस पुरे करून, दोघं लाखनीच्या स्टँडवर उतरली. पानठेल्यावाला ठेल्यातून बाहेर आला. "कशी हाय आता तब्येत?" त्यानं विचारलं. घरापर्यंत सात जणांनी हाच प्रश्न विचारला. पार्वताबाई भराभर चालत होती. शेवटच्या गल्लीत ती जवळजवळ पळत होती.

सांदवाडीच्या फाटकाशी खाट टाकून भैय्यालाल बसला होता. खांद्यावर स्वच्छ टॉवेल होता. त्याला पाहून वाटावं, हाच इथं एकतीस वर्षं कंपाउंडर आहे.

"एका वेळी दोघं," तो सवयीनं म्हणाला, आणि मग उठून उभा राहिला. "या, या. तुमी दोघंच हायेत, जा."

पार्वताबाई आत गेली. तिनं बोट मुडपलं आणि पहिल्या वांग्यापासून मोजायला लागली. केशवराव तिच्या मागं एक पाऊल अंतर ठेवून चालत होते आणि प्रत्येक आकड्याला वहीत खूण करत होते. वांगी नऊ, हिरवी. मिरच्या बारा, फुलावर. भेदरे सहा. वेलावर एक दोडका इतका लांब लोंबत होता की तिनं त्याच्याकडे मुडपलेलं बोटही केलं नाही, नुसती हनुवटी केली. मोगरा, कढीपत्ता, तोंडली. शेवटी न्हाणीपाशी धोपा, छत्रीएवढी पानं काढून.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

केशवरावांनी वही मिटली. मग त्यांना भिंतीच्या कडेनं ओळीनं मांडलेले डालड्याचे डबे दिसले. प्रत्येकात एक रोप: मरगळलेला गुलाब, पिवळी पडलेली मिरची, एक पान उरलेली केळ. सतरा होते.

"हे कोनाचे?"

"ते गावातले," भैय्यालाल म्हणाला. "भरती कराले आणले. म्या सांगितलं, साहेब आल्याशिवाय भरती नाही. नंबर लावून ठेवले. ज्याचं त्यानं येऊन पाणी पाजाचं. चाकीले मात्र कोनाले हात लावू दिला नाही. एक मास्तर आले होते, म्हणाले, जरा जोरात सोडा. म्या त्याईले बाहेर काढलं."

"पण इतके लोक कायले येत होते?"

भैय्यालालनं त्यांच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "सलाईन लागलं म्हटल्यावर भेटाले येणार नाहीत का? आपलं गाव काय तसं हाय का?"

धुरपता भिंतीवर कोपर टेकून उभी होती. "पहिल्या दिवशी दोघीतिघी आल्या केळी घेऊन," तिनं सांगितलं. "मंग ध्यानात आलं, वांगं केळं कसं खाईन. आन रित्या हातानं तं जाववत नाही बिमाराकडं. तं जो येईन तो घरून गडवाभर पाणी घेऊन येऊ लागला."

"पाणी?" केशवराव वाफ्याकडे वळले. "झाडाले टाकलं?"

"झाडाले एक थेंब नाही," भैय्यालाल दुखावून म्हणाला. "तुमी सांगून गेले ना. ड्रममधी टाकलं."

ड्रमचं तुमी काहीच बोलले नव्हते, हे त्यानं म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. केशवरावांना आपण सांगितलेलं प्रत्येक वाक्य शब्दशः आठवत होतं.

पार्वताबाई तोवर तोंडलीपाशी पोचली होती. "धुरपता," ती भिंतीवरून म्हणत होती, "रंभाबाईनं दिवाळीले बोलावलं. पंधरा दिवस राहा म्हणते. म्या हो म्हटलं." तिच्या हातात गडवा कधी आला ते कोणाला दिसलं नाही. तोंडलीच्या मुळाशी पाण्याची धार लागली होती.

केशवरावांनी ओट्यावर चढून झाकणावरचा दगड बाजूला केला. वहीप्रमाणे पाणी पावणेतीन इंच असायला हवं होतं. त्यांनी कामटी पुसली, सरळ धरली, तळाला टेकवली आणि वर काढली.

ती साडेतेहतीस इंचांपर्यंत ओली होती.